आधी खण, मग वाडा : गेममधलं जग कसं उभं राहतं

गेममधलं पात्र जुन्या वाड्याच्या चौकात शिरतं. भोवती सोळा सुरूदार खांब, वर महिरपी, कडीपाटाचं छत, कौलं. हे सोळा खांब म्हणजे बहुधा एकच खांब असतो, सोळा जागी ठेवलेला. महिरपही एकच. नवशिका नेमका इथेच फसतो. तो अख्खा वाडा एकसंध वस्तू म्हणून घडवायला घेतो, दरवाजाच्या कोरीव कामात तीन आठवडे घालवतो आणि मग पात्र त्या दरवाजातून जातच नाही.

जुन्या सुतारांना हे तुकड्यांचं गणित ठाऊक होतं. घर खणांत मोजलं जायचं. दोन खांबांमधली जागा म्हणजे खण, आणि घर वाढवायचं तर खण वाढवायचे. गेमवाले यालाच मॉड्युलर किट म्हणतात. म्हणून सरावासाठी चार बाय चार खणांचा चौक हा फार चांगला नमुना आहे. मॉडेलिंगला, म्हणजे हे त्रिमितीय आकार घडवायला, ब्लेंडर हे सॉफ्टवेअर पुरतं, ते फुकट आहे. इंजिन, म्हणजे ज्यात गेम जोडला आणि चालवला जातो ते सॉफ्टवेअर, अनरीयल किंवा युनिटी, कोणतंही चालेल.

सुरुवात मापापासून. ब्लेंडर आणि युनिटीत एक एकक म्हणजे १ मीटर, अनरीयलमध्ये १ सेंटिमीटर. निर्यात करताना इथे चूक झाली की वाडा काडेपेटीएवढा तरी होतो नाहीतर डोंगराएवढा. खण २ मीटर रुंद आणि ३ मीटर उंच धरा. खऱ्या ओसरीपेक्षा हे ऐसपैस आहे, पण त्याला कारण आहे. तृतीय-पुरुषी गेममध्ये कॅमेरा पात्राच्या मागे, खांद्याच्या वर तरंगतो, आणि छत खाली असलं की तो त्यात घुसतो. दारांचंही तेच. खऱ्या वाड्यात दिंडी दरवाजातून वाकून जातात. गेममधलं पात्र मात्र टक्कर मोजण्यापुरतं एक ताठ कॅप्सूल असतं, त्याला वाकणं आपोआप येत नाही. दाराची उंची निदान २.२ मीटर ठेवा.

उंबरा आणि जिना याहून खट्याळ. पात्र किती उंच पायरी आपसूक चढेल याची मर्यादा अनरीयलमध्ये मुळात ४५ सेंटिमीटर असते, युनिटीच्या कॅरेक्टर कंट्रोलरमध्ये ३०. चालता येण्याजोगा उतार दोन्हीकडे सुमारे ४५ अंशांपर्यंत. पात्र पायरीपायरीला हिसके खाऊ नये म्हणून जिन्यावर सहसा एक अदृश्य उतरंड ठेवतात. भिंतीत दडवलेला वाड्याचा अंधारा जिना हुबेहूब बनवला, समजा पायरीची उंची २५ आणि रुंदी २० सेंटिमीटर, तर त्या उतरंडीचा कोन ५१ अंश होतो. पात्र खालीच पाय घासत उभं राहतं. उंची २० आणि रुंदी २८ केली की कोन ३६ अंशांच्या आत येतो. जिना थोडा खोटा होतो, पण चढता येतो.

म्हणून पहिले दोन दिवस कोरीव कामाला हातच लावायचा नाही. नुसते करडे ठोकळे मांडायचे : जोतं, खांब, भिंत, छत. त्यात पात्र सोडून फिरायचं आणि अडेल तिथे मापं बदलायची. ठोकळा बदलायला मिनिट लागतं, नक्षीदार महिरप बदलायला दिवस. नवख्यांना ही पायरी कंटाळवाणी वाटते, म्हणून तेवढीच गाळली जाते.

आता तुकडे जोडताना एक हिशेब. चौकाची एक बाजू ४ खणांची, म्हणजे ५ खांबांची. चार बाजूंचे मिळून २० होतील असं वाटतं, पण कोपऱ्याचे खांब सामाईक, म्हणून खरे १६. प्रत्येक खणाच्या तुकड्याला दोन्ही टोकांना खांब दिला, तर शेजारच्या तुकड्याचा खांब त्याच जागी येऊन बसतो. मग खांबावर झेब्र्यासारखे पट्टे लुकलुकू लागतात. संगणक प्रत्येक पिक्सेलसाठी कोणता पृष्ठभाग कॅमेऱ्याच्या जवळ आहे ते एका आकड्यात नोंदवतो. दोन पृष्ठभाग एकाच अंतरावर असले तर कोण पुढे हे दशांशाच्या शेपटीवर ठरतं, आणि कॅमेरा हलला की निकाल फिरतो. इलाज साधा आहे : प्रत्येक तुकड्याला खांब फक्त डाव्या टोकाला. तुकड्याचा पिव्हट, म्हणजे ज्या बिंदूने तो उचलला आणि फिरवला जातो तो बिंदू, त्याच खांबाच्या तळखड्याच्या मध्यावर, जमिनीलगत ठेवा. मग तुकडे २ मीटरच्या जाळीवर खटाखट बसतात.

कोपऱ्यासाठी मात्र वेगळा तुकडा करा. भिंतीला जाडी असते, तिथे साधा तुकडा ९० अंशांत फिरवून फट तरी राहते नाहीतर भिंत भिंतीत घुसते. जाडीची कंजुषीही नको. अनरीयलच्या ल्युमेन प्रकाशप्रणालीत १० सेंटिमीटरपेक्षा पातळ भिंतीतून उजेड झिरपतो आणि अंधाऱ्या माजघरात कोपऱ्याला पांढरी रेघ उमटते. वाड्याच्या भिंती जाडच असतात, हे आपल्या पथ्यावर.

टेक्श्चरचं, म्हणजे तुकड्याच्या पृष्ठभागावर चढवलेल्या चित्राचं, गणित बहुतेकांना उशिरा कळतं. एका मीटरला किती पिक्सेल, हा आकडा सगळ्या तुकड्यांसाठी एकच हवा. ५१२ धरला तर २०४८ पिक्सेलचं चौरस टेक्श्चर ४ मीटर लांब-रुंद भाग झाकतं. तेच टेक्श्चर २० मीटरच्या दर्शनी भिंतीवर एकसंध ताणलं, तर मीटरला जेमतेम शंभर पिक्सेल उरतात. भिंत धुरकट आणि शेजारची घागर लखलखीत, असं दृश्य लगेच खोटं वाटतं. म्हणून भिंतीला न संपता जुळत जाणारं टेक्श्चर लावतात, आणि लाकूडकामासाठी एक ट्रिम शीट करतात. एकाच चित्रात आडव्या पट्ट्या : २५६ पिक्सेलची पट्टी तुळईसाठी (अर्धा मीटर), १२८ची चौकटीसाठी, एक नक्षीची, एक दगडी जोत्याच्या कडेची. सगळं लाकूडकाम त्या एका चित्रातून कापून घ्यायचं.

यात जागा वाचते. २०४८चं टेक्श्चर न दाबता ठेवलं तर १६ एमबी खातं. लांबून बघण्यासाठीच्या त्याच्या लहान प्रती, म्हणजे मिपमॅप, धरून सुमारे २१. बीसी७ पद्धतीने दाबलं की साधारण सव्वापाच. पण खरा फायदा वेळेचा. सेकंदाला ६० चित्रं दाखवायची तर एका चित्राला १६.७ मिलिसेकंद मिळतात. मटेरियल, म्हणजे पृष्ठभाग कसा दिसेल हे ठरवणारी टेक्श्चरं आणि गुण यांची जोडणी, बदललं की ग्राफिक्स कार्डाला वेगळा हुकूम द्यावा लागतो. एकच खांब आणि एकच मटेरियल असेल तर सोळा खांब एका हुकुमात काढता येतात. मॉडेल त्रिकोणांचं बनलेलं असतं. ८०० त्रिकोणांचा खांब सोळा वेळा म्हणजे १२,८०० त्रिकोण, आजच्या यंत्राला ही किरकोळ गोष्ट. दृश्य अडखळतं ते बऱ्याचदा सतराशे साठ मटेरियलांमुळे. अनरीयल ५ मधल्या नॅनाइट या सोयीने त्रिकोणांची चिंता आणखी कमी केली, पण साध्या फोनवर त्याचा आधार मिळत नाही, आणि मटेरियलची शिस्त तोही लावून देत नाही.

कोरीव कामाची खोली बहुतेक वेळा खरी नसते. नॉर्मल मॅप नावाचं निळसर चित्र प्रकाशाला फसवतं. त्यातला हिरवा रंग पृष्ठभागाचा वर-खाली कल सांगतो, आणि त्याची दिशा दोन प्रकारची असते. ब्लेंडर आणि युनिटी एक मानतात, अनरीयल उलटी. महिरपीवरची उठावाची वेलबुट्टी खोल खणल्यासारखी दिसू लागली तर हिरवा चॅनेल उलटवा. आणि नॉर्मल किंवा रफनेसचा (पृष्ठभाग किती खरखरीत याचा) नकाशा इंजिनात घेताना त्यावरची एसआरजीबीची, म्हणजे हे रंग आहेत असं सांगणारी, खूण काढा. ते रंग नाहीत, आकडे आहेत.

रंगांतही संयम लागतो. रंगाची पातळी ० ते २५५ अशी मोजतात. चुन्याची भिंत म्हणून २५५चा शुभ्र पांढरा दिला, तर उन्हात तिचा नुसता कागद होतो. २४०च्या वर जाऊ नका, आणि काळं लाकूड ३०च्या खाली नको. सारवलेल्या जमिनीची रफनेस जास्त ठेवा, नाहीतर ती फरशीसारखी चमकते. लाकडाच्या कडांना अर्धा ते एक सेंटिमीटर बेव्हल द्या, म्हणजे धारदार कड जराशी तासल्यासारखी करा. त्याआधी ब्लेंडरमध्ये कंट्रोल-ए दाबून स्केल पक्कं करा, नाहीतर ताणलेल्या तुळईवर बेव्हल एका बाजूला जाड आणि दुसरीला बारीक येतो. संदर्भ हवा असेल तर पुण्याच्या विश्रामबाग वाड्याची लाकडी दर्शनी बाजू पाहण्यासारखी आहे. फोटो ढगाळ दिवशी घ्या, नाहीतर उन्हाची सावली टेक्श्चरमध्येच छापली जाते. चौकटीत एक फूटपट्टीही ठेवा, घरी आल्यावर मापं तिच्यावरूनच निघतात.

शेवटी राहते ती एकसारखेपणाची खोड. सोळा जुळे खांब डोळ्याला लगेच कळतात. काही खांब ९० अंशांत फिरवले की प्रत्येकाची वेगळी बाजू समोर येते, फुकटात. मग व्हर्टेक्स पेंटने, म्हणजे मॉडेलच्या बिंदूंवर रंग भरून, जोत्यालगत ओल चढवा, पागोळ्या पडतात त्या रेषेत शेवाळ, हात लागतो त्या उंचीवर खांबाला गुळगुळीतपणा. कोनाड्यावर काजळीचा डेकल (वरून चिकटवायचं चित्र) लावा, पण पणतीच्या ज्योतीच्या बरोबर वर, आणि सगळ्याच कोनाड्यांना नको. ज्या खोलीत माणसं राहत होती, तिथेच दिवा लागायचा.