धातूतला इलेक्ट्रॉन वर्तुळ कधी पूर्ण करतो?

तांब्याच्या तुकड्यात जवळजवळ प्रत्येक अणूमागे एक इलेक्ट्रॉन आपला अणू सोडून धातूभर मोकळा फिरत असतो. वीज वाहत नसतानाही यांतले सर्वांत वेगवान इलेक्ट्रॉन सेकंदाला सुमारे १,५७० किलोमीटर वेगाने धावत असतात. मात्र सर्व दिशांना सारखेच इलेक्ट्रॉन जात असल्यामुळे त्यांची ही धावपळ बाहेरून जाणवत नाही.

अशा धातूजवळ चुंबक आणला, तर त्याचे बल इलेक्ट्रॉनच्या मार्गाला नेहमी काटकोनात लागते. म्हणून त्याचा वेग वाढत नाही, घटतही नाही, फक्त दिशा वळत राहते, आणि सतत एकाच बाजूला सारख्या प्रमाणात वळत राहिल्याने मार्गाचे वर्तुळ होते. यातली मला सर्वांत सुंदर वाटणारी गोष्ट ही, की मोकळ्या जागेतील वेगवान इलेक्ट्रॉन मोठे वर्तुळ काढतो, संथ इलेक्ट्रॉन लहान, पण फेरी पूर्ण करायला दोघांनाही तेवढाच वेळ लागतो. १० टेस्लाचे चुंबकीय क्षेत्र (टेस्ला हे त्याच्या तीव्रतेचे एकक), म्हणजे पृथ्वीच्या क्षेत्राच्या सुमारे दोन लाख पट, घेतले तर तांब्यातल्या वर्तुळाची त्रिज्या साधारण एक सहस्रांश मिलिमीटर भरते आणि सेकंदाला सुमारे २८ हजार कोटी फेऱ्या होऊ शकतात.

‘होऊ शकतात’ असे म्हणण्याचे कारण म्हणजे नेहमीच्या तापमानाला एकही फेरी पूर्ण होत नाही. अणूंच्या नीट रचलेल्या रांगा इलेक्ट्रॉनला अडवत नाहीत. त्याला अडवते ते उष्णतेमुळे होणारे अणूंचे कंपन आणि धातूतली अशुद्धता. गोल धावू पाहणाऱ्या मुलाला पावलोपावली कोणी धक्का द्यावा, तशी त्याची अवस्था होते: एका फेरीच्या अंतरात त्याला शंभराहून अधिक धडका बसतात. म्हणून धातू अतिशय शुद्ध करावा लागतो आणि बहुतेक वेळा द्रवरूप हीलियमने उणे २६९ अंश सेल्सिअसपर्यंत थंड करावा लागतो.

१९३० साली नेदरलँड्समधील लायडन येथे द हास आणि फान आल्फेन या भौतिकशास्त्रज्ञांनी बिस्मथ या धातूचा स्फटिक खूप थंड करून चुंबकीय क्षेत्र हळूहळू वाढवत नेले. बिस्मथमध्ये एक लाख अणूंमागे जेमतेम एक मोकळा इलेक्ट्रॉन असतो आणि त्याचे इलेक्ट्रॉन फार हलके असल्यासारखे वागतात, त्यामुळे हा परिणाम त्यात लवकर दिसतो. क्षेत्र वाढत असताना त्या स्फटिकाचे चुंबकत्व सरळ वाढले नाही, ते लाटांसारखे कमी-जास्त होत राहिले. त्याच वर्षी शुब्निकोव्ह आणि द हास यांना बिस्मथच्या विद्युतरोधातही अशाच लाटा आढळल्या.

याचे कारण असे, की क्षेत्र तीव्र असताना इलेक्ट्रॉनला वाटेल त्या आकाराचे वर्तुळ काढता येत नाही. ठरावीक ऊर्जेचीच वर्तुळे शक्य असतात. लेव्ह लांडाऊ यांनी हे गणिताने १९३० मध्येच दाखवले. क्षेत्र वाढवले की या ऊर्जेच्या पातळ्या एकमेकींपासून दूर जातात, प्रत्येकीत अधिक इलेक्ट्रॉन मावू लागतात, आणि सर्वांत वरची पातळी रिकामी होऊन तिच्यातले इलेक्ट्रॉन खाली सामावतात. पातळी रिकामी होण्याच्या प्रत्येक वेळी एक लाट उमटते.

या लाटा मोजण्याचा उपयोग फार मोठा आहे. लार्स ऑनसागर यांनी १९५२ मध्ये सिद्ध केले, की लाटांमधील अंतरावरून धातूतल्या सर्वाधिक ऊर्जेच्या इलेक्ट्रॉनांचा एक नकाशा काढता येतो, म्हणजे कोणत्या दिशेला ते किती संवेगाने (वस्तुमान गुणिले वेग) जातात हे समजते. या नकाशाला फर्मी पृष्ठ म्हणतात. सोडियमचे फर्मी पृष्ठ जवळजवळ चेंडूसारखे गोल आहे, तर तांब्याच्या गोलाला आठ दिशांना आठ माना फुटलेल्या आहेत. चुंबकाची दिशा बदलत पुन्हा पुन्हा मोजमाप केले, की हा आकार बाजूबाजूने उलगडत जातो. ज्या संयुगांत इलेक्ट्रॉन जड असल्यासारखे वागतात, त्यांत या लाटा फार क्षीण असतात. त्यांच्यासाठी अमेरिकेतील टॅलाहासी येथील ४५ टेस्लाच्या चुंबकासारखी साधने लागतात.