टकीला: वर्षे मोजण्यापेक्षा लाकूड मोजा

व्हिस्कीमुळे एक समीकरण डोक्यात पक्के बसले आहे: जेवढी जुनी, तेवढी भारी. तेच टकीलाला लावून लोक ड्यूटी-फ्रीमधून सर्वांत गडद, सर्वांत महाग बाटली उचलतात आणि घरी तिच्यात लिंबू पिळून मार्गारिटा हे कॉकटेल करतात. यात पैसेही जातात आणि मार्गारिटाही बिघडते.

व्हिस्कीच्या चवीचा मोठा हिस्सा पिंपातून येतो. टकीलाची चव आधी झाडातून येते. आपल्याकडे शेताच्या बांधावर दिसणाऱ्या घायपातीची सख्खी नातलग असलेली निळी अगावे हे ते झाड. ती निवडुंग नव्हे, वनस्पतिशास्त्रात ती शतावरीच्या कुळात मोडते. मेक्सिकोच्या हालिस्को राज्यात आणि इतर चार राज्यांच्या ठरावीक भागांतच टकीलासाठी तिची लागवड होते. साधारण सहा-सात वर्षांनी पाने छाटून मधला गाभा काढतात. त्यात फ्रुक्टोजच्या लांब साखळ्या असतात, त्यांना फ्रुक्टान म्हणतात. या साखळ्या यीस्टला पचत नाहीत, म्हणून गाभा विटांच्या भट्टीत दीड ते तीन दिवस वाफवतात, किंवा बंद प्रेशर-टाकीत त्याहून बराच कमी वेळ. साखळ्या तुटल्या की रस काढायचा, आंबवायचा आणि दोनदा ऊर्ध्वपातन करायचे.

इथे एक अफवा निकालात काढू. 2014 मध्ये याच फ्रुक्टानांवर उंदरांवर केलेला एक अभ्यास अमेरिकन केमिकल सोसायटीच्या अधिवेशनात मांडला गेला. त्यावरून ‘टकीलाने साखर उतरते, वजन घटते’ असे फॉरवर्ड फिरू लागले. ते फ्रुक्टान तर भट्टीतच तुटतात, त्यांची साखर यीस्ट खाते आणि उरलेसुरले ऊर्ध्वपातनात मागे राहते. बाटलीत येतो तो इथेनॉल, आणि तो कोणत्याही दारूतला असला तरी यकृताला सारखाच.

ऊर्ध्वपातनानंतर जवळजवळ लगेच बाटलीत भरलेली ती ब्लांको. लिनालूल, टर्पिनिऑल यांसारखी झाडाची सुगंधी द्रव्ये तिच्यात उघडी असतात: फुले, लिंबाची साल, मिरी, भाजलेला गोड गाभा. रेपोसाडोला ओकच्या लाकडात किमान 2 महिने ठेवावे लागते, अन्येहोला किमान 1 वर्ष, एक्स्ट्रा अन्येहोला 3 वर्षे. हा शेवटचा वर्ग 2006 मध्ये आला. लेबल वाचताना एक अट मात्र नजरेतून सुटते: अन्येहो आणि एक्स्ट्रा अन्येहोचे पिंप 600 लिटरपेक्षा मोठे चालत नाही. रेपोसाडोला आकाराचे बंधन नाही.

खरी मेख इथे आहे. लाकडातून चव येते ती द्रव आणि लाकूड जिथे भिडतात त्या पृष्ठभागातून. आकार तोच ठेवून घनफळ वाढवले, तर दर लिटरमागचा पृष्ठभाग घनमुळाच्या प्रमाणात घटतो. 200 लिटरच्या पिंपात दर लिटरला ढोबळमानाने 100 चौरस सेंटिमीटर लाकूड मिळते. 600 लिटरच्या पिंपात घनफळ तिप्पट होते, 3 चे घनमूळ 1.44, म्हणून सुमारे 70. 20,000 लिटरच्या लाकडी टाकीत घनफळ शंभरपट होते, 100 चे घनमूळ 4.64, म्हणून जेमतेम 21 ते 22. त्यामुळे अशा टाकीत दहा महिने राहिलेली रेपोसाडो, छोट्या पिंपात तीन महिने राहिलेल्या रेपोसाडोपेक्षा फिकी आणि अगावेच्या चवीला जवळची असू शकते. लेबलवर दोघींचा वर्ग एकच!

लाकडात एकाच वेळी दोन गोष्टी चालतात आणि दोघींची गती वेगळी असते. पहिली म्हणजे झिरपणे. पिंप आतून भाजलेले असते. त्यात लाकडातले लिग्निन तुटून व्हॅनिलिन (व्हॅनिलाचा वास) तयार होते, लाकडातल्याच हेमिसेल्युलोजपासून कॅरॅमलचे वास येतात, ओकमधले लॅक्टोन खोबऱ्याचा वास देतात आणि टॅनिन तुरटपणा. हे सुरुवातीला भराभर उतरते, मग मंदावते. बहुतेक पिंपे आधी बर्बन या अमेरिकन व्हिस्कीसाठी वापरलेली असतात, म्हणून एकदा उकळलेल्या चहापत्तीसारखी ती दर खेपेला कमी देतात. दुसरी गोष्ट ऑक्सिडीकरण. लाकडातून शिरणारा ऑक्सिजन अल्कोहोलचे अॅसिटाल्डिहाइड आणि पुढे अॅसेटिक आम्ल करतो, आम्ल आणि अल्कोहोल मिळून एस्टर ही सुवासिक द्रव्ये बनतात. याला वेळच लागतो. छोटे पिंप इथे फारसे मदतीला येत नाही, उलट चव गोल होण्याआधीच लाकूड वरचढ होते. तीन वर्षांनी अगावेचे सुगंध सगळे उडून गेलेले नसतात, पण व्हॅनिला आणि ओकखाली दबतात. काही एक्स्ट्रा अन्येहो तर डोळे मिटून प्यायल्या तर बर्बनच वाटतील.

रंगावर विसंबू नका. पिंपात मुरवलेल्या वर्गांत वजनाच्या 1 टक्क्यापर्यंत कॅरॅमल, ओकचा अर्क, ग्लिसरीन आणि साखरेचा पाक मिसळायला परवानगी आहे, आणि ते लेबलवर सांगण्याची सक्ती नाही. कोवळ्या रेपोसाडोला व्हॅनिला इसेन्सचा घमघमाट आला तर शंका घ्या. ‘गोल्ड’ लिहिलेल्या स्वस्त बाटलीचा सोनेरी रंग तर बहुधा कॅरॅमलचाच. बाटलीवर ‘100% दे अगावे’ नसेल, तर आंबवलेल्या साखरेपैकी 49 टक्क्यांपर्यंत साखर उसाची वगैरे असू शकते. क्रिस्तालिनो म्हणजे मुरवलेली टकीला सक्रिय कोळशातून गाळून रंग काढलेली. कोळसा रंगाबरोबर थोडा सुगंधही धरून ठेवतो, म्हणजे आधी लाकडाचे पैसे द्यायचे आणि मग ते पुसण्याचेही.

मार्गारिटाला ब्लांकोच घ्या: 50 मिली टकीला, 20 मिली संत्र्याचे लिकर (गोड मद्य), 15 मिली लिंबाचा रस. अन्येहो घातली तर टॅनिन आणि आम्ल मिळून कडसर, तुरट चव येते. ग्रेपफ्रूट सोड्याबरोबर हलकी रेपोसाडो छान लागते. अन्येहो तोंडाशी निमुळत्या ग्लासात 30 मिली, खोलीच्या तापमानाला प्या. फ्रीजरमधून काढली तर सुगंधी द्रव्ये उडतच नाहीत आणि नाकाला काही लागत नाही.

पहिल्यांदा घेताना एकाच उत्पादकाची ब्लांको आणि रेपोसाडो शेजारी ठेवा. ब्लांको आधी चाखा. तीच आवडली नाही, तर त्या घराची अन्येहो घेऊन लाकडाला दुप्पट पैसे देऊ नका. बाटलीवर ‘नॉम’ शब्दानंतर चार आकडे असतात, तो कारखान्याचा क्रमांक. दोन वेगळ्या ब्रँडवर तोच क्रमांक दिसला, तर दोन्ही एकाच कारखान्यातून आलेल्या आहेत.