पहिली सायकल: घेताना आणि घेतल्यावर
(आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

दुकानात येणारा जवळजवळ प्रत्येक नवा ग्राहक पहिल्यांदा विचारतो, "गिअरची कितीला?" कुणाला नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक भागात कामावर जायचं असतं, कुणाला मुलीसाठी क्लासला जायला सायकल हवी असते, कुणाला डॉक्टरांनी व्यायाम सांगितलेला असतो. बजेट बहुतेकांचं आठ-दहा हजारांच्या आसपास असतं. हे पत्रक त्यांच्यासाठी आहे. सायकलवर पूर्वी १२ टक्के जीएसटी होता, तो २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के झाला आहे. त्यामुळे त्याच पैशांत थोडी बरी सायकल आता बसते.

कमी पैशांत काय घ्यावं

आमचा सल्ला सरळ आहे. बजेट कमी असेल तर कमी भागांची सायकल घ्या. आठ हजारांत २१ गिअर, पुढे-मागे शॉकअप, दोन डिस्क ब्रेक आणि जाडजूड टायर असलेली सायकल मिळते, हे खरं. पण एवढे भाग त्या किमतीत बसवायचे म्हणजे प्रत्येक भाग हलक्यातला घ्यावा लागतो. शॉकअपचं वजन तुम्ही रोज ओढता. चांगल्या रस्त्यावर पायाचा जोर त्या स्प्रिंगमध्येच जिरतो. वर्षभरात तिच्यात खेळ येतो, आणि त्या दर्जाच्या शॉकअपची दुरुस्ती होत नाही, तो बदलावाच लागतो. त्याच आठ हजारांत बिनगिअरची, साध्या फोर्कची (पुढचं चाक धरणारा चिमटा, शॉकअपशिवाय) सायकल घेतली तर रिम, हब (चाकाचा मधला भाग), ब्रेक आणि सीट या रोज उपयोगी पडणाऱ्या गोष्टी चांगल्या मिळतात. अशी सायकल विकताना आमच्या हाती कमी उरतं. तरीही आम्ही तीच सुचवतो, कारण पुढची पाच वर्षं तिची दुरुस्ती आम्हालाच करायची असते.

नाशिकमध्ये रोजच्या कामासाठी गिअर लागतातच असं नाही. द्वारका ते नाशिकरोड किंवा कॉलेजरोड-गंगापूररोड या भागात बिनगिअरची सायकल आरामात चालते. गोदाकाठावरून गावात वर येणारे चढ छोटे आहेत. उतरून चालत गेलात तरी दोन मिनिटांचं काम. पाय भरून येत असतील तर एक स्वस्त उपाय आहे, तो फारसा कुणी सांगत नाही. साध्या सायकलला पुढे बहुधा ४४ दात्यांचं चाक आणि मागे १८ दात्यांचं फ्रीव्हील असतं. मागे २० दात्यांचं बसवून घेतलं की प्रत्येक पायडल साधारण दहा टक्के हलकं पडतं. वेग थोडा कमी होतो, पण नवशिक्याला वेगाची घाई नसते. गिअर घ्यावेत ते रोज त्र्यंबकच्या बाजूला जाणाऱ्यांनी, लांब पल्ल्याची आवड असणाऱ्यांनी किंवा गुडघे दुखणाऱ्यांनी. त्यांनी बजेट पंधरा हजारांच्या पुढे न्यावं आणि शॉकअप नसलेली हायब्रिड (रस्त्यावर हलकी चालणारी, सरळ हँडलची गिअरची सायकल) बघावी.

एका गोष्टीत मात्र काटकसर करू नका. रिम अॅल्युमिनियमची घ्या. क्रोमची लोखंडी रिम चमकते छान, पण पावसात ओली झाली की ब्रेकचं रबर तिच्यावरून घसरतं आणि सायकल थांबायला कितीतरी जास्त अंतर लागतं. जून ते सप्टेंबर सायकल वापरणाऱ्याला हा फरक पहिल्याच पावसात कळतो.

टायरचा आकार विचारून घ्या. बाजूच्या रबरावर तो छापलेला असतो. २६ इंची आणि जुन्या काळ्या सायकलचे २८ × १½ हे टायर-ट्यूब तालुक्याच्या गावातही मिळतात. ७०० सी (हायब्रिड आणि रेसच्या सायकलींचा आकार) आता शहरात सहज मिळतात, खेड्यात अजून शोधावे लागतात. ७०० सी टायरवरही कधीकधी २८ लिहिलेलं असतं, पण तो २८ × १½ च्या रिमवर बसत नाही. खात्री करायची असेल तर छोट्या अक्षरातला मिलिमीटरचा आकडा बघा. ७०० सीला ६२२ असतो, जुन्या २८ ला ६३५ आणि २६ इंची एमटीबीला (जाड टायरची माउंटन बाइक) ५५९.

वाढत्या अंगाची सायकल नको

मुलांना कपडे वाढत्या अंगाचे घेतो तशी सायकलही मोठी घ्यायची पद्धत आपल्याकडे आहे. कृपा करून तसं करू नका. पाय टेकत नसलेलं मूल ब्रेक दाबण्याऐवजी उडी मारायला बघतं. उभं राहून दांडी दोन्ही पायांमध्ये घेतल्यावर वर दोन-तीन बोटं तरी मोकळी जागा राहायला हवी, मोठ्यांनाही आणि मुलांनाही. सीटची उंची अशी ठरवा: सीटवर बसून टाच पायडलवर ठेवा आणि पायडल तळाला न्या. पाय सरळ झाला पाहिजे. मग चालवताना चवडा ठेवला की गुडघ्यात आपोआप थोडा बाक येतो. गुडघे दुखतात म्हणून सायकल सोडून दिलेल्या कित्येकांची सीट फक्त खाली असते. सीटच्या दांड्यावर एक आडवी खूण असते, ती नळीच्या बाहेर दिसू लागली तर सीट जास्त वर गेली आहे असं समजा. तिथून दांडा वाकतो किंवा मोडतो. हँडलच्या दांड्यालाही तशीच खूण असते.

साडी किंवा सलवार-कुडता घालून चालवणार असाल तर खालच्या दांडीची सायकल घ्या. चेनला पूर्ण कव्हर आणि मागच्या चाकाला जाळी बसवून घ्या. ओढणी स्पोकमध्ये जाणं किरकोळ नसतं.

चाळिशी-पन्नाशीत पहिल्यांदा सायकल शिकायला येणाऱ्या ताई-काकू आमच्याकडे बऱ्याच असतात. त्यांच्यासाठी आम्ही दोन्ही पायडल काढून देतो आणि सीट इतकी खाली करतो की दोन्ही तळपाय जमिनीवर पूर्ण टेकतील. कॉलनीतल्या मोकळ्या मैदानात पायाने ढकलत सायकल पुढे न्यायची. पाय उचलून थोडं अंतर तोल राहू लागला की पायडल परत लावायची. मागून कुणी धरून पळण्यापेक्षा हे कितीतरी सोपं पडतं, आणि पडण्याची भीतीही जाते.

ऑनलाइन आणि जुनी

ऑनलाइन मागवलेली सायकल खोक्यात अर्धवट जोडलेली येते. उरलेलं घरी जोडताना दोन चुका वारंवार होतात. पहिली, पुढचा फोर्क उलटा राहतो. पुढच्या चाकाचा ब्रेक फोर्कच्या पुढे नसून मागच्या बाजूला दिसला तर समजा फोर्क उलटा आहे. अशी सायकल अजिबात चालवू नका. दुसरी, डावं पायडल. त्याचे आटे उलटे असतात, म्हणजे घट्ट करायला पाना डावीकडे फिरवायचा. जोर लावून उजवीकडे फिरवलं की क्रँकचे (पायडल ज्या दांड्याला बसतं त्याचे) आटे जातात आणि क्रँक बदलावा लागतो. पायडलवर एल आणि आर लिहिलेलं असतं, ते आधी बघा. बाहेरून घेतलेली सायकलही आम्ही जोडून देतो. संकोच करू नका.

जुनी सायकल घ्यायला आमची हरकत नाही. कमी बजेटमध्ये ती कित्येकदा नव्यापेक्षा चांगली निघते. आधी फ्रेम बघा. हँडलखालच्या नळीपाशी रंगाला सुरकुती किंवा तडा असेल तर सायकल समोरून धडकलेली आहे, ती सोडून द्या. मग चाक उचलून फिरवा. ब्रेकच्या रबरापासून रिम डावी-उजवीकडे हलली तर तो चाकाचा आउट (चाक वाकडं फिरणं), तो दुरुस्त होतो. क्रँक धरून आतबाहेर हलवा. खटखट वाजला तर आतले छर्रे (बेअरिंगच्या गोळ्या) आणि त्यांचे कप बघावे लागतील. फ्रीव्हीलचे दाते टोकदार होऊन एका बाजूला झुकले असतील तर चेन आणि फ्रीव्हील दोन्हींचा खर्च धरूनच भाव करा. विकणाऱ्याकडून मूळ बिल मागा आणि फ्रेमवर ठोकलेला नंबर त्याच्याशी ताडून बघा. तो बहुधा पायडलच्या मधल्या नळीखाली असतो. आपल्याही नव्या सायकलच्या नंबरचा फोटो काढून ठेवा. चोरीची तक्रार देताना तोच कामी येतो.

सगळे पैसे सायकलवर संपवू नका. दहा हजार असतील तर दीड-दोन हजार कुलूप, हेल्मेट, पुढचा-मागचा दिवा, मडगार्ड आणि हातपंप यांना ठेवा. एमटीबीच्या किमतीत मडगार्ड, स्टँड, कॅरिअर बहुतेकदा धरलेले नसतात, आधी विचारा. कुलूप फ्रेम आणि चाक या दोन्हींतून घालून एखाद्या पक्क्या खांबाला लावा. नुसतं चाकाला लावलं तर सायकल उचलून नेता येते.

हवा

देखभालीतली एकच गोष्ट करायची असेल तर दर आठवड्याला हवा भरा. पंक्चर नसलं तरी ट्यूबच्या रबरातून हवा थोडी थोडी जातच असते. हवा कमी झाली की सायकल जड लागते. लोक ऑइलिंगसाठी घेऊन येतात आणि निम्म्या वेळा आम्ही फक्त हवा भरतो. कमी हवेत खड्ड्यात गेलं की ट्यूब रिम आणि टायरमध्ये चिमटते आणि तिला शेजारीशेजारी दोन चिरा पडतात. अशा दोन चिरा दिसल्या तर काटा शोधत बसू नका, हवा कमी होती. किती भरायची ते टायरवर पीएसआयमध्ये (हवेच्या दाबाचं माप) छापलेलं असतं. २६ इंची जाड टायरला रोजच्या वापरासाठी साधारण ४० ते ५० पुरते, वजन जास्त असेल तर वरची बाजू धरा. पेट्रोलपंपावर भरणार असाल तर जपून, थोडी थोडी भरा. सायकलच्या ट्यूबमध्ये जागा इतकी कमी असते की तो कंप्रेसर ती क्षणात फोडू शकतो.

साध्या सायकलच्या व्हॉल्व्हमध्ये बारीक रबरी नळी असते. ती वाळली की हवा टिकत नाही, आणि ट्यूब पाण्यात बुडवली तरी पंक्चर सापडत नाही. नवी नळी अगदी किरकोळ पैशांत मिळते, म्हणून आधी तीच बदलून बघा. आणि पंक्चर काढल्यावर टायरच्या आतून फडका फिरवायला विसरू नका. बाभळीचा काटा आत तसाच राहिला तर दुसऱ्या दिवशी त्याच जागी पुन्हा पंक्चर.

चेन आणि ब्रेक

चेनला पंधरा दिवसांतून एकदा तेल, पावसाळ्यात आठवड्यातून एकदा. आधी कोरड्या फडक्याने काळी घाण पुसा, मग प्रत्येक कडीवर एक थेंब टाका, पायडल उलटं फिरवा आणि पाच मिनिटांनी वरचं तेल पुसून काढा. हे शेवटचं पुसणं बहुतेक जण करत नाहीत. चेनला तेल आत लागतं. बाहेर राहिलेलं धूळ धरतं आणि ती धूळ दाते घासते. चेनचं तेल नसेल तर शिलाई मशीनचं तेल चालेल, फक्त ते लवकर उडतं. खोबरेल आणि गोडेतेल नको, ते चिकट होतं. गाडीचं काढलेलं ऑइलही नको, त्यात घाण आणि धातूचा कीस असतो. तेलाचा थेंब रिमवर किंवा डिस्कवर पडू देऊ नका.

चेन झिजली का, हे घरच्या पट्टीने कळतं. एका पिनच्या मध्यावर शून्य धरा. तिथून पुढची चोविसावी पिन बरोबर १२ इंचांवर यायला हवी. १/१६ इंच पुढे गेली तर चेन बदला. १/८ पुढे गेली तर फ्रीव्हीलही गेलं असं धरा. वेळेवर बदललेली चेन फ्रीव्हीलचा खर्च वाचवते. बिनगिअरच्या सायकलची चेन मध्यावर बोटाने दाबली तर अर्धा इंच खालीवर व्हावी. फार ताणली तर छर्रे लवकर जातात.

बहुतेक सायकलींना उजव्या हातात पुढचा ब्रेक असतो. घाबरून तो वापरायचाच नाही, अशी सवय लागते, पण सायकल मुख्यतः तोच थांबवतो. दोन्ही एकदम, हळूहळू वाढत्या दाबाने लावा. रबरावरच्या खाचा दिसेनाशा झाल्या की रबर बदला.

नवी सायकल महिन्याभराने एकदा दाखवायला आणा. केबल बसतात आणि ढिल्या पडतात, स्पोकचा ताण कमी-जास्त होतो, नट सैल होतात. आमच्याकडून घेतलेल्या सायकलचं हे काम आम्ही मोफत करतो. पुढे वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर, ओव्हरऑइलिंगला टाका. हब, क्रँक, हँडल सगळं उघडून जुनं ग्रीस धुऊन नवं भरतो. त्याला सायकल एक दिवस ठेवावी लागते.

खरेदीला येताना रोजचे बूट-चप्पल घालून या आणि ज्याला चालवायची आहे त्याला बरोबर आणा. आवडलेल्या सायकलवरून एक चक्कर मारल्याशिवाय आम्ही बिल करत नाही. शनिवारी संध्याकाळी गर्दी असते, सीट-हँडल नीट बसवून द्यायला सकाळी जास्त वेळ मिळतो.