पार्श्वभूमी : कूलरची खिडकी आणि नागपूरची थंडी

२३ मे २०१३ रोजी नागपुरात ४७.९ अंश सेल्सिअस नोंदले गेले आणि २९ डिसेंबर २०१८ च्या पहाटे ३.५. दोन्ही टोके एकाच घराला सोसायची असतात; पण घर बांधताना विचार होतो तो फक्त मे महिन्याचा. त्यामुळे हिवाळ्याची तयारी म्हणजे इथे बहुतेकदा उन्हाळ्यासाठी ठेवलेली भोके बुजवणे.

महाल-इतवारीतल्या जुन्या घरांत थंडीसाठी म्हणून वेगळे फारसे काही होत नसे. मातीच्या जाड भिंती आणि कवेलूंखालचा लाकडी माळा दोन्ही ऋतूंना पुरत. कवेलू फेरायचे ते पावसाआधी. थंडीची तयारी घराची नव्हे, अंथरुणाची असे. दिवाळी आटोपली की रजया उन्हात पडत आणि पिंजारी गठ्ठा झालेला कापूस पिंजून देई. रात्री खोलीत सिगडी. तिचा धूर नि वायू कवेलूंच्या फटींतून निघून जाई.

स्लॅब आला आणि फटी गेल्या. बंद खोलीत कोळशाची सिगडी ठेवली तर कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला वास नाही, रंग नाही, झोपलेल्या माणसाला तो कळतही नाही. शिवाय डिसेंबरात स्लॅब रात्रभर गार होत जातो आणि सकाळी तापायला वेळ घेतो. नऊ-दहा वाजेपर्यंत अंगणात ऊन आणि घरात काकडा, असा उलटा प्रकार होतो. नागपूरकर चहाचा कप घेऊन गच्चीवर जातो तो हौसेने नव्हे.

मग कूलर. वाळ्याच्या ताट्यांची जागा डेझर्ट कूलरने घेतली आणि घराच्या भिंतीत तो कायमचा बसला. मिस्त्रीला ‘कूलरची खिडकी’ आधीच सांगून ठेवतात. नोव्हेंबरात तो काढावा तर दोन माणसे लागतात आणि खिडकी उघडी पडते. ठेवावा तर वुडवूलमधून, म्हणजे कूलरच्या जाळीत भरलेल्या लाकडी तुसातून, गार वारा थेट पलंगावर. शेवटी आतून पुठ्ठा आणि बाहेरून निवडणुकीतला जुना फ्लेक्स. याला बंदोबस्त म्हणणे धाडसाचे आहे, पण वस्तीत फिरलात तर हेच दिसेल.

घर कधी बंद करायचे, हे लोक बातमीत ‘थंडीची लाट’ दिसली की ठरवतात. खरा गुंता या शब्दात आहे. हवामान खात्याच्या लेखी मैदानी भागात किमान तापमान १० अंश किंवा त्याखाली हवे आणि ते त्या दिवसांतल्या सरासरीपेक्षा ४.५ ते ६.४ अंशांनी उतरलेले हवे, मग लाट. घसरण ६.४ हून जास्त, तर तीव्र लाट. दुसरी पट्टी सरासरी पाहतच नाही: पारा ४ किंवा त्याखाली गेला तर लाट, २ किंवा त्याखाली गेला तर तीव्र. आता २०१८ ची ती पहाट घ्या. १९३७ च्या जानेवारीतला ३.९ अंशांचा नीचांक त्या दिवशी मोडला. सरासरीपासूनची घसरण आठ अंशांच्या पुढे, म्हणजे पहिल्या पट्टीने तीव्र लाट. दुसरीने मात्र नुसती लाट. शहर तेच, पहाट तीच, थर्मामीटर तोच. उलट सरासरी १२.५ असताना पारा ८.५ वर आला तर घसरण फक्त ४ ची, म्हणून लाटच नाही. हुडहुडी भरायची ती भरतेच. किनारपट्टीला १० ऐवजी १५ अंशांची सवलत आहे. मुंबईकर स्वेटर घालून बातमीत येतो त्याचे हेही एक कारण असावे, असे आम्हा विदर्भातल्यांना वाटत राहते.

‘थंड दिवस’ ही संज्ञा आणखी अडचणीची. त्यात दुपारचे तापमान सरासरीच्या ४.५ अंश तरी खाली हवे आणि शिवाय रात्रीचे किमान तापमान १० किंवा त्याखाली हवे. विदर्भात जानेवारीत अवकाळी ढग येतात, कधी गारपीट होते. तेव्हा दुपार गारठते, पण ढगांमुळे रात्रीची उष्णता अडकून किमान तापमान १४-१५ वर राहते. व्याख्येत तो थंड दिवस बसत नाही. स्लॅबच्या घरात मात्र वर्षातला सगळ्यात थंड दिवस तोच, कारण ऊनच पडलेले नसते. या व्याख्या वेधशाळेच्या सावलीतल्या पेटीतली हवा मोजतात. घर त्यांच्या हिशेबात नाही. इशारा देण्यापुरते ते चालेल, पण घर झाकायचा दिवस त्यावरून ठरवणे चूक.

अलीकडे शेकोटीही वादात आली. २०१६ च्या डिसेंबरात उघड्यावर कचरा जाळण्यास देशभर मनाई झाली. साध्या प्रकरणात ५,००० रुपये दंड, मोठ्या प्रमाणात जाळल्यास २५,०००. चौकातली शेकोटी नुसत्या लाकडावर कुठे पेटते? त्यात टायर असतो, प्लास्टिक असते. वाकून पाहणारा कोणी नसतो ही गोष्ट निराळी.

सिगडी गेली, शेकोटी अडली, उरला हीटर. २,००० वॅटचा ब्लोअर तासाला २ युनिट खातो. तो लावला जातो कूलरच्याच प्लगवर, कारण पलंगाजवळ दुसरा नसतो. तो पॉइंट बहुतेक घरांत ६ अँपिअरचा, आणि ब्लोअर ओढतो जवळजवळ ९.