जोरदार तीनरंगी पानांची ओपनिंग बोली (ब्रिज)

ब्रिजमध्ये तेरा पानांपैकी तीन रंगांत चार-चार पाने आणि चौथ्या रंगात एकच पान, म्हणजे सिंगलटन (४-४-४-१), किंवा एका रंगात पाच, दोन रंगांत चार-चार आणि चौथा रंग साफ रिकामा (५-४-४-०) असेल, तर त्या पानांना तीनरंगी म्हणतात. पहिली वाटणी शंभरात सुमारे ३ वेळा येते, दुसरी सव्वा वेळा. एक्क्याचे ४, राजाचे ३, राणीचे २ आणि गुलामाचा १ या नेहमीच्या हिशेबाने १७ किंवा जास्त पॉइंट असले की ही पाने जोरदार समजतात. दोन्ही अटी एकदम जुळणे विरळाच. एका खेळाडूला अशी पाने साधारण साडेतीनशे-पावणेचारशे डावांत एकदा मिळतात. विरळ असल्यामुळेच यांचा सराव होत नाही आणि मुरलेल्या जोड्यांचीही इथे फसगत होते.

अडचण पहिल्या बोलीत (ओपनिंगमध्ये) नसते, दुसरीत असते. नैसर्गिक पद्धतीत एक रंग सांगून मग दुसरा सांगितला, की भिडू पहिल्या रंगात पाच पाने धरतो. ४-४-४-१ मध्ये पाच पानांचा रंगच नाही. बिनहुकुमी (नो ट्रंप) बोली लावावी तर सिंगलटन आडवे येते. म्हणजे कुठली तरी थाप मारावीच लागते, आणि तिची किंमत सर्वांत कमी कुठे पडेल एवढेच निवडायचे उरते. ओपनिंग ठरवताना विचारायचा प्रश्न एकच: भिडूने नेमका आपल्या सिंगलटनचा रंग सांगितला तर आपण पुढे काय बोलणार? आणि भिडू तोच रंग सांगण्याची शक्यता मोठी असते, कारण त्या रंगाची उरलेली बारा पाने बाकीच्या तिघांत वाटलेली असतात.

सिंगलटनवरून ओपनिंग

जुना नियम सोपा होता. सिंगलटनच्या लगेच खालचा रंग उघडायचा (रंगांचा चढता क्रम किलवर, चौकट, बदाम, इस्पिक). भिडूने सिंगलटनचा रंग सांगितला तर तो एकच पायरी वर येतो आणि आपल्याला त्याच्या वरचा रंग स्वस्तात सांगता येतो. ब्रिटनमधल्या ॲकोल पद्धतीत तांबड्या सिंगलटनला हाच नियम राहिला, काळ्या सिंगलटनला तीन रंगांतला मधला रंग उघडायची चाल पडली. इस्पिक-बदामाच्या ओपनिंगला पाच पाने लागणाऱ्या आजच्या पद्धतींत निवड आणखी आखूड होते. सिंगलटन चौकटचे असेल तर १ किलवर (किलवर हुकूम धरून सहाच्या वर एक, म्हणजे सात हात करण्याची बोली), बाकी तिन्ही वेळा १ चौकट.

चौकटचे सिंगलटन सर्वांत सोपे. १ किलवरला भिडू १ चौकट म्हणाला, तर १८ पर्यंत १ बदाम सांगावे. इस्पिकची चार पाने भिडूकडे असतील तर तो १ इस्पिक सांगेलच. १९ पासून पुढे २ बदाम अशी उडी मारावी, म्हणजे गेमपर्यंत (३ नो ट्रंप किंवा ४ इस्पिकसारख्या, मोठा बोनस देणाऱ्या बोलीपर्यंत) कोणी थांबायचे नाही हे ठरून जाते.

किलवरचे सिंगलटनही त्रासाचे नाही. १ चौकटला भिडूने इस्पिक किंवा बदाम काहीही सांगितले, तरी चार पानांचा पाठिंबा तयार असतो. तो १ नो ट्रंप म्हणाला तर त्याच्याकडे वरच्या दोन्ही रंगांत चार पाने नाहीत, तेव्हा किलवर त्याच्याकडे लांब असणार. अशा वेळी १९ पॉइंटांवर सरळ ३ नो ट्रंप गाठावे. आपल्याकडे एकच किलवर आहे याची इथे फार धास्ती बाळगू नये.

बदामाच्या सिंगलटनचा एक नमुना घेऊ.

इस्पिक: एक्का, राजा, ७, ४
बदाम: ६
चौकट: एक्का, राणी, ८, ५
किलवर: एक्का, गुलाम, ९, ३

पॉइंट १८. ओपनिंग १ चौकट. भिडू १ बदाम म्हणाला तर १ इस्पिक. ही बोली भिडूला बांधून घालत नाही, पण ६-७ पॉइंट आणि इस्पिकची तीन पाने घेऊन तो पास म्हणाला तरी फारसे बिघडत नाही, कारण तेवढ्यावर गेम क्वचितच होते. २० पॉइंट असते तर २ इस्पिक अशी उडी हवी. हीच पाने १ इस्पिकने उघडली तर काय होते ते पाहण्याजोगे आहे. भिडू २ बदाम म्हणतो, आपल्याला ३ किलवर किंवा ३ चौकटवर चढावे लागते, आणि भिडू तीन किरकोळ इस्पिकांवर पाच-तीनचा मेळ समजून ४ इस्पिक लावतो. हुकमाची सातच पाने असताना बदामाच्या उताऱ्या आपल्या हुकमांनी कापाव्या लागतात, आणि विरुद्ध जोडीतल्या एकाकडे पाच हुकूम निघाले की डाव हातचा जातो.

खरी डोकेदुखी इस्पिकच्या सिंगलटनची. १ चौकट उघडले, भिडू १ इस्पिक म्हणाला, आणि बदाम व किलवर दोन्ही सांगायचे राहिले. तीन वाटा उरतात. २ बदाम हा रिव्हर्स (आधीच्यापेक्षा वरचा रंग २ च्या पातळीवर सांगणे) जोर दाखवतो आणि भिडूला बोलायला लावतो, पण चौकटची पाच पाने असल्याचे सुचवतो. ३ किलवर ही उडी गेम पक्की करते, पण बदाम दडून राहतात. २ नो ट्रंप १८-१९ पॉइंट नेमके सांगते, पण वाटणी खोटी सांगते. सिंगलटन इस्पिकची राणी किंवा राजा असेल तर २ नो ट्रंप पटण्यासारखे आहे. बारीक पान असेल आणि बदाम भक्कम असतील तर २ बदाम बरे, कारण चौकटचे एक पान कमी निघणे हे बदामाचा चार-चारचा मेळ हुकण्यापेक्षा स्वस्त पडते. काही जोड्या याच कारणाने १७ च्या पुढे इथे १ किलवर उघडतात. मग १ इस्पिकवर २ चौकट हा रिव्हर्स खालीच बसतो आणि बदामाला जागा राहते. हे आधी ठरलेले असेल तरच करावे. ऐन वेळी सुचलेली युक्ती भिडूला कळत नाही.

५-४-४-० चे फार अवघड नसते. पाच पानांचा रंग उघडायचा, पुढच्या बोल्या खऱ्याच निघतात. मात्र भिडूने रिकामा रंग सांगितला की पानांचे वजन उतरले असे धरावे.

भिडूशी मेळ बसल्यावर

वरच्या नमुन्यात भिडू १ चौकटवर १ इस्पिक म्हणाला तर सरळ ४ इस्पिक लावणे हा नेहमीचा चुकार मार्ग. त्यापेक्षा ३ बदाम सांगावे. २ बदाम हाच रिव्हर्स म्हणून जोरदार असल्यामुळे आणखी एक उडी नैसर्गिक अर्थाने लागत नाही. म्हणून तिचा अर्थ स्प्लिंटर: इस्पिकची चार पाने, गेमचा जोर, बदाम एक किंवा शून्य. काही जोड्या हाच अर्थ ४ बदामला देतात. कोणता, ते आधी पक्के करावे.

याचा उपयोग भिडूच्या बाजूने दिसतो. समजा त्याच्याकडे इस्पिक राणी, गुलाम, ८, ५, २. बदाम ९, ७, ४. चौकट राजा, ६, २. किलवर राजा, ४ आहे. पॉइंट ९. बदामात एक हात जातो, उरलेले दोन बदाम ओपनरच्या हुकमांनी कापले जातात. पाच हुकूम, ते दोन काप, चौकटचे तीन आणि किलवरचे दोन मिळून १२ हात होतात. दोघांचे मिळून २७ पॉइंट आणि लहान स्लॅम. आता त्याच ९ पॉइंटांची मांडणी बदलू: इस्पिक तीच, बदाम राजा, राणी, ४; चौकट गुलाम, ६, २; किलवर ७, ४. बदामाचे पाच पॉइंट ओपनरच्या सिंगलटनपुढे जवळजवळ वाया गेले, आणि खालच्या दोन रंगांतले राजे समोरच्या जोडीकडे आहेत. इथे ४ इस्पिकवर थांबावे. दोन्ही वेळा पॉइंट सारखेच. फरक कळतो तो स्प्लिंटरमुळेच.

एकेरी सिंगलटन मोठे चित्र असेल तर मोजणीत कात्री लावावी. एकट्या राजाचे ३ धरू नयेत, एकट्या राणीचे वा गुलामाचे तर जवळपास काहीच नाही. एक्क्याचे पूर्ण ४ धरायला हरकत नाही.

१ ची ओपनिंग की २ किलवर?

२० पॉइंट दिसले की हात २ किलवरकडे (फार जोरदार पाने दाखवणाऱ्या कृत्रिम ओपनिंगकडे) शिवशिवतो, विशेषतः भिडू पास म्हणेल या भीतीने. ही भीती वाजवीपेक्षा मोठी आहे. आपल्याकडे २० आणि भिडूकडे ६ हूनही कमी असतील तर उरलेले १५ च्या आसपास पॉइंट समोरच्या जोडीकडे असतात, आणि आपल्या सिंगलटनचा रंगही बहुधा त्यांच्याकडेच लांब असतो. ते गप्प बसत नाहीत. आपली १ चौकट, विरुद्ध जोडीची १ बदाम, मग दोन पास, आणि आता आपला डबल (भिडूला बाकीच्या रंगांतून निवडायला सांगणारी बोली): तिन्ही रंग एका शब्दात सांगितले गेले. एवढे नेमके वर्णन दुसऱ्या कुठल्याच क्रमाने होत नाही. भिडू बदाम दाबून बसला असेल तर तो पास करून त्यांना तिथेच दंड लावतो. भिडूनेही एक पथ्य पाळावे. ५ पॉइंट आणि आपल्या रंगात तोकडी पाने असताना शक्यतो पास म्हणू नये.

२ किलवरची किंमत जागेत मोजावी लागते. २ किलवर, मग भिडूचे २ चौकट हे ठरावीक उत्तर, एवढे होईपर्यंत एकही रंग सांगून झालेला नसतो. पुढे ३ किलवर किंवा ३ चौकट म्हटले की तिसरी पातळी लागते आणि वरच्या रंगाचा मेळ शोधायला फार थोड्या बोल्या उरतात. म्हणून २१ पर्यंत, आणि किरकोळ राण्या-गुलामांनी भरलेल्या २२ लाही, १ चीच ओपनिंग ठेवावी.

त्यापुढे मात्र इलाज नाही. इस्पिक एक्का, राजा, राणी, ५, बदाम ४, चौकट एक्का, राजा, गुलाम, ६, किलवर एक्का, राजा, ८, ३ असे २४ पॉइंट असतील, तर भिडूच्या किरकोळ एका राणीवरही गेम उभी राहते. २ किलवर उघडून २ चौकटवर २ इस्पिक म्हणावे. इस्पिक चारच आहेत, पण वरची तिन्ही चित्रे आपल्याकडे असल्यामुळे तीन पानांच्या पाठिंब्यावरही काम भागते. इस्पिक गुलाम, ७, ४, २ असे असते तर ही थाप अंगाशी आली असती, आणि तिथे ३ चौकटची महागडी वाट पत्करावी लागते.

सिंगलटन एक्का किंवा राजा असेल तर नो ट्रंपने उघडण्याची पळवाट आता बरीच रुळली आहे. अमेरिकन ब्रिज संघटनेच्या नियमांप्रमाणे सिंगलटन एक्का, राजा किंवा राणी असून दोन पानांचा एकही रंग नसेल, तर नो ट्रंपची ओपनिंग नैसर्गिकच मानतात. ४-४-४-१ ही अट आपोआप पाळते. २०-२१ पॉइंट आणि किलवरचा एकटा एक्का असताना २ नो ट्रंप हा बऱ्यापैकी सौदा आहे. वरच्या रंगाचे सिंगलटन असेल तर मात्र भिडू ट्रान्सफर करून (खालचा रंग सांगून वरचा रंग आपल्याकडून बोलवून) नेमक्या त्याच रंगात पाच-एकच्या मेळावर उतरण्याचा धोका राहतो.

कृत्रिम बोल्या

इटलीच्या ब्लू टीमने १९५७ ते १९६९ या काळात बर्मुडा बाउल ही ब्रिजची जागतिक स्पर्धा १० वेळा जिंकली, आणि तिच्या पद्धतींत तीनरंगी पानांना स्वतंत्र बोली होत्या. जॉर्जिओ बेलाडोना आणि वॉल्टर आव्हारेली यांच्या रोमन पद्धतीत २ किलवर म्हणजे साधारण १२ ते १६ पॉइंटांची आणि २ चौकट म्हणजे १७ ते २० ची तीनरंगी पाने. ब्लू क्लब पद्धतीत २ चौकट १७ ते २४ पर्यंत जाई. रोमन २ चौकटला भिडूचे उत्तर सोपे असते. कमकुवत पानांवर तो आपला रंग सांगतो, ओपनर त्यात चार पाने असतील तर पास म्हणतो, आणि तो सिंगलटनचाच रंग निघाला तर लगतचा वरचा रंग सांगतो. जोर असेल तर भिडू २ नो ट्रंपने विचारतो आणि ओपनर तोकडा रंग सांगतो. टेरेन्स रीस आणि जेरेमी फ्लिंट यांच्या मल्टी २ चौकट या अनेक अर्थांच्या बोलीत मूळ मांडणीत हीच जोरदार पाने एक पर्याय म्हणून होती. तिथून पुष्कळ जोड्यांनी ती पुढे वगळली.

या बोल्या नेमक्या आहेत यात वाद नाही. अडचण अशी, की साडेतीनशे डावांत एकदा येणाऱ्या पानांसाठी २ चौकट ही बोली गहाण पडते आणि तीच बोली सहा पानांच्या चौकटीवर कमकुवत २ (थोड्या पॉइंटांवरची अडथळ्याची ओपनिंग) म्हणून कितीतरी जास्त वेळा कामाला येते. क्लबात आठवड्यातून एकदा खेळणाऱ्या जोडीला हा सौदा आतबट्ट्याचा ठरतो, कारण वर्षभरात फार तर चार-पाच वेळा लागणारी उत्तरे ऐन वेळी आठवत नाहीत.

सी. सी. वेई यांच्या प्रिसिजन पद्धतीत १६ आणि पुढची सगळी पाने १ किलवरने उघडतात, त्यामुळे जोरदार तीनरंगी पाने तिथे पहिल्या बोलीत अडत नाहीत. भिडूने १ चौकट असे नकारार्थी उत्तर दिले तरी १ ची पातळी हातात असते. त्याच पद्धतीतली २ चौकट मात्र ११ ते १५ पॉइंट आणि चौकटीत तोकडेपणा दाखवते, म्हणजे रोमन २ चौकटपेक्षा एक पायरी हलकी. नव्या भिडूबरोबर बसताना जोडीची पद्धत नोंदवायच्या कार्डावर नुसते "२ चौकट तीनरंगी" लिहून भागत नाही. पॉइंट किती आणि तोकडा रंग ठरलेला की कुठलाही, हे दोन्ही लिहावे. नाही तर एकजण १३ पॉइंटांवर उघडतो आणि दुसरा १८ धरून स्लॅमला जातो.