मुंबईचे अधिवेशन, रामन-साहा वाद आणि देशाच्या तीन विज्ञान अकादम्या

दरवर्षी ऑक्टोबरच्या सुमारास दिल्लीच्या भारतीय राष्ट्रीय विज्ञान अकादमीची, म्हणजे ‘इन्सा’ची, नव्या फेलोंची यादी येते. पाठोपाठ ‘आमच्या प्राध्यापकांची अकादमीवर निवड’ अशी पत्रके विद्यापीठांतून निघतात. स्थानिक वृत्तपत्रात दोन परिच्छेद छापून येतात, विभागात पेढे वाटले जातात आणि विषय संपतो. हा सन्मान कोण देते, तो कुठून आला आणि विद्यापीठात शिकवणाऱ्या माणसाला मिळाला की त्याचे वजन वेगळे का असते, हे सांगायचे तर पुष्कळ मागे जावे लागते.

अकादमीचे फेलो होणे हा पुरस्कार नव्हे. आधीपासून फेलो असलेल्यांनी नाव सुचवायचे, त्या विषयाच्या समितीने काम तपासायचे, कार्यकारिणीने शिफारस करायची आणि शेवटी सर्व फेलोंनी मत द्यायचे, अशी ही रीत आहे. मोल आहे ते आपल्याच विषयातल्या जाणकारांनी आपल्याला आपल्या पंगतीला बसवण्याचे. ही रीत लंडनच्या रॉयल सोसायटीची. तिचे फेलो झालेले पहिले भारतीय मुंबईचे होते : १८४१ साली निवडले गेलेले अर्देसर कर्सेटजी, वाडिया घराण्यातले जहाजबांधणी अभियंते. त्यानंतरचा भारतीय निवडला जायला १९१८ साल उजाडले. ते श्रीनिवास रामानुजन.

या दोन निवडींमधल्या ७७ वर्षांत इथे विद्यापीठे निघाली. मुंबई, कलकत्ता आणि मद्रास ही तिन्ही १८५७ ची. पण पहिली कित्येक वर्षे त्यांचे काम परीक्षा घेणे आणि पदव्या देणे एवढेच होते. संशोधन हे त्यांचे काम आहे असे कोणी धरतच नव्हते. हे बदलण्यात कलकत्त्याचे कुलगुरू आशुतोष मुखर्जी यांचा वाटा मला सर्वांत मोठा वाटतो. तारकनाथ पालित आणि रासबिहारी घोष या दोन नामांकित वकिलांकडून त्यांनी मोठ्या देणग्या मिळवल्या, त्यातून विज्ञान महाविद्यालय उभे केले आणि प्राध्यापकांच्या खास जागा निर्माण केल्या. अर्थखात्यातली भरवशाची सरकारी नोकरी सोडून चंद्रशेखर वेंकट रामन १९१७ मध्ये पालित प्राध्यापक म्हणून तिथे आले. मेघनाद साहा आणि सत्येंद्रनाथ बोस हे दोन तरुण तिथेच शिकवू लागले. वनस्पतिशास्त्राचे घोष प्राध्यापक होते मालवणचे शंकर पुरुषोत्तम आघारकर. हेच आघारकर पुढे पुण्याला आले आणि १९४६ मध्ये त्यांनी महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी सुरू केली. आज ती संस्था त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

भारतीय विज्ञान काँग्रेसचे पहिले अधिवेशनही याच वातावरणात, १९१४ च्या जानेवारीत कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीत भरले. अध्यक्ष होते आशुतोष मुखर्जी, जमलेले शास्त्रज्ञ १०५. वर्षातून एकदा भेटावे, निबंध वाचावेत आणि आपापल्या गावी जावे एवढेच तिचे स्वरूप होते. बाराही महिने चालणारी, स्वतःचे नियतकालिक असलेली आणि देशाच्या वतीने बोलू शकेल अशी संस्था मात्र नव्हती.

अशा संस्थेच्या मान्यतेची गरज काय, हे साहांच्या अनुभवावरून कळते. १९२३ मध्ये ते अलाहाबाद विद्यापीठात भौतिकशास्त्राचे प्राध्यापक झाले. ताऱ्यांच्या वर्णपटाचा अर्थ लावणारे त्यांचे आयनीभवनाचे समीकरण तोवर जगभर वापरले जात होते, पण अलाहाबादेत त्यांच्या वाट्याला आले ते शिकवण्याचे ओझे आणि जेमतेम साधनांची प्रयोगशाळा. १९२७ मध्ये ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले, तेव्हा संयुक्त प्रांताचे गव्हर्नर विल्यम मॅरिस यांनी त्यांना संशोधनासाठी वर्षाला ५,००० रुपये मंजूर केले. त्या माणसाचे काम आदल्या वर्षीही तेवढेच मोठे होते. पैसे सुटले ते बाहेरून शिक्का बसल्यावर. शिक्का देणारी संस्था आपल्या देशात हवी, हा साहांचा आग्रह मला या पार्श्वभूमीवर अगदी स्वाभाविक वाटतो. १९३० मध्ये त्यांनी अलाहाबादेत संयुक्त प्रांतापुरती अकादमी स्थापन केली. तीच पुढे ‘राष्ट्रीय विज्ञान अकादमी, भारत’ झाली. तीन अकादम्यांत ही वयाने थोरली.

यानंतरचा प्रसंग मुंबईतला. १९३४ च्या जानेवारीत विज्ञान काँग्रेसचे अधिवेशन मुंबईत भरले आणि अध्यक्षपद साहांकडे होते. संपूर्ण देशाची विज्ञान अकादमी हवी, हा विषय त्यांनी अध्यक्षीय भाषणातून मांडला आणि त्यावर पुढे समिती बसली. आज इन्साची गोष्ट दिल्लीपासून सांगितली जाते, पण तिचे बीज मुंबईत पडले हे इथल्या विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनाही क्वचितच ठाऊक असते.

समिती बसली आणि भांडण उभे राहिले. १९३० चे नोबेल मिळवलेले रामन १९३३ मध्ये भारतीय विज्ञान संस्थेचे संचालक होऊन बंगळूरला गेले होते. कलकत्त्यात त्यांचे अनेकांशी बिनसले होते. रामन आणि साहा यांचे तर स्वभावही जुळणारे नव्हते, अकादमीबद्दलच्या कल्पनाही नाहीत. प्रांतोप्रांतीच्या अकादम्या राहाव्यात आणि त्यांना जोडणारी एक मध्यवर्ती संस्था असावी, असा एक विचार होता. रामन यांना इतका खटाटोप मान्य नव्हता. समितीचे काम पुरे होण्याची वाट न पाहता त्यांनी एप्रिल १९३४ मध्ये बंगळूरला ‘इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेस’ची नोंदणी करून टाकली. ६५ फेलो घेऊन तिचे काम सुरू झाले आणि पहिल्याच वर्षी तिचे ‘प्रोसीडिंग्ज’ हे नियतकालिक निघू लागले. १९७० मध्ये निधन होईपर्यंत रामनच तिचे अध्यक्ष होते. इतकी वर्षे एकाच माणसाने अध्यक्ष राहणे संस्थेच्या प्रकृतीला बरे नाही असे मला वाटते. पण शोधनिबंध वेळेवर आणि नेटके छापून जगापुढे ठेवण्याची जी शिस्त त्यांनी घालून दिली, तिचे श्रेय त्यांना द्यायलाच हवे.

इकडे समितीचे काम चालूच होते. ७ जानेवारी १९३५ रोजी कलकत्त्यात ‘नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सेस ऑफ इंडिया’चे उद्घाटन झाले. संस्थापक फेलो १२५ आणि पहिले अध्यक्ष लुईस फर्मोर. हे भूगर्भ सर्वेक्षण खात्यातले अधिकारी. भारतातल्या मँगनीजच्या साठ्यांवरचे त्यांचे काम नागपूर, भंडारा आणि बालाघाटच्या पट्ट्यात झाले होते आणि तिथल्या एका खडकाला त्यांनी गोंड लोकांवरून ‘गोंडाइट’ हे नाव दिले होते. साहा, रामन अशा बड्या नावांच्या चढाओढीत पहिले अध्यक्षपद एका इंग्रज भूशास्त्रज्ञाकडे जावे, यावरून तडजोड किती नाजूक होती याची कल्पना येते. १९४५ मध्ये सरकारने या संस्थेला देशातली प्रमुख विज्ञानसंस्था म्हणून मान्यता दिली. तिचे कार्यालय दिल्लीला गेले आणि १९७० मध्ये तिने भारतीय राष्ट्रीय विज्ञान अकादमी (इन्सा) हे आजचे नाव घेतले. फेलोंच्या नावापुढे दिसणारी एफएनए ही अक्षरे तिची. एफएएससी बंगळूरची आणि एफएनएएससी अलाहाबादची.

त्या काळात फेलो म्हणजे बहुधा विद्यापीठातला किंवा महाविद्यालयातला प्राध्यापक, नाहीतर भूगर्भ, वनस्पती, हवामान अशा सरकारी खात्यातला अधिकारी. अलाहाबादचे साहा, लखनौचे बिरबल साहनी, ढाक्याचे सत्येंद्रनाथ बोस : नाव घेतले की विद्यापीठ आठवावे अशी ही माणसे. बोसांनी ज्या निबंधाने क्वांटम सांख्यिकीचा पाया घातला, तो १९२४ मध्ये ढाका विद्यापीठात लिहिला. रॉयल सोसायटीने त्यांना फेलो केले ते १९५८ मध्ये.

स्वातंत्र्याच्या आगेमागे चित्र पालटले. १९४२ मध्ये सीएसआयआर ही वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषद, १९४५ मध्ये मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्था, १९५० मध्ये पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा. पैसा, यंत्रे आणि हुशार तरुण तिकडे वळले. या संस्थांनी देशाला दिलेले थोर आहे आणि त्या नकोत असे कोणी म्हणणार नाही. पण संशोधन एकीकडे आणि पदवीचे वर्ग दुसरीकडे अशी फाळणी झाली. साहांनी हा धोका ओळखला होता. अणुसंशोधनाचा सारा कारभार विद्यापीठांबाहेर एका वेगळ्या यंत्रणेकडे देण्याला त्यांनी विरोध केला, पुढे लोकसभेत निवडून गेल्यावर तिथेही हा प्रश्न लावून धरला. त्यांचे ऐकले गेले नाही. अकादम्यांच्या याद्यांत संशोधन संस्था आणि प्रयोगशाळांची नावे ठळक दिसू लागली ती यानंतर.

म्हणूनच ज्या विद्यापीठ विभागांनी हा प्रवाह उलटा वळवला त्यांच्याकडे आदराने पाहावे लागते. मुंबई विद्यापीठाचा माटुंग्यातला यूडीसीटी हा रासायनिक तंत्रज्ञानाचा विभाग १९३३ मध्ये सुरू झाला. केंब्रिजमधली पीएचडी करून मनमोहन शर्मा १९६४ मध्ये तिथे प्राध्यापक झाले, तेव्हा त्यांचे वय होते २७. आयुष्यभर ते विद्यापीठातच राहिले. १९८९-९० मध्ये इन्साचे अध्यक्षपद आणि १९९० मध्ये रॉयल सोसायटीचे फेलोपद त्यांना मिळाले.  त्यांचे विद्यार्थी, गोव्यातल्या माशेलचे रघुनाथ माशेलकर, २००५ मध्ये इन्साचे अध्यक्ष झाले. गुरू आणि शिष्य दोघेही त्याच खुर्चीत बसले, आणि दोघांची पाळेमुळे माटुंग्याच्या एकाच विभागात. पुणे विद्यापीठात कोल्हापूरच्या वसंत हुजुरबाजारांनी १९५३ मध्ये संख्याशास्त्राचा विभाग उभा केला. त्याच आवारात १९८८ मध्ये जयंत नारळीकरांनी ‘आयुका’ ही खगोलशास्त्राची आंतरविद्यापीठ संस्था आकाराला आणली. विद्यापीठे आणि महाविद्यालयांतल्या शिक्षकांनी इथे यावे, ग्रंथालय आणि संगणक वापरावेत, परत जाऊन आपल्या ठिकाणी संशोधन करावे, ही तिची कल्पना. साहांच्या तक्रारीला दिलेले इतके नेमके उत्तर देशात दुसरे क्वचितच असेल.

या इतिहासात स्त्रिया फार उशिरा आणि फार थोड्या दिसतात. रामन यांनी १९३३ मध्ये कमला भागवत, म्हणजे पुढच्या कमला सोहोनी, यांना बंगळूरच्या संस्थेत आधी प्रवेश नाकारला आणि मग अटी घालून दिला. पुढे कमलाबाईंनी केंब्रिजची पीएचडी मिळवली. वनस्पतिशास्त्रज्ञ जानकी अम्माल यांना १९३५ मध्ये रामन यांच्याच अकादमीने फेलो केले, हेही नोंदवायला हवे. कलकत्ता विद्यापीठाच्या रसायनशास्त्रज्ञ असीमा चॅटर्जी १९६० मध्ये इन्साच्या फेलो झाल्या. इन्साला पहिल्या महिला अध्यक्ष लाभल्या त्या २०२० मध्ये : चंद्रिमा शाहा. मधे ८५ वर्षे गेली.

फेलोंनीच फेलो सुचवायचे या पद्धतीचा जाच आजही विद्यापीठांना होतो. ज्या संस्थेत दहा फेलो आहेत तिथल्या तरुणाचे काम त्यांना रोज दिसते. जिल्ह्याच्या ठिकाणच्या विद्यापीठात एकटीने प्रयोगशाळा चालवणाऱ्या प्राध्यापिकेचे नाव सुचवायला शेजारी कोणीच नसते. पदे रिक्त, तासिका तत्त्वावर अध्यापन, बंद पडलेले यंत्र दुरुस्त करायला निधी नाही, अशा स्थितीतून एखादे नाव त्या यादीपर्यंत पोचते, तेव्हा त्यामागचे कष्ट संशोधन संस्थेतल्या तितक्याच कामापेक्षा कितीतरी जास्त असतात. विद्यापीठांनी अशा माणसाचा सत्कार जरूर करावा, पण त्याच आठवड्यात त्या विभागाची रिकामी पदे भरण्याचा प्रस्तावही पुढे पाठवावा.

एका गोष्टीचे मात्र समाधान आहे. ज्या तीन अकादम्या वेगवेगळ्या वाटांनी उभ्या राहिल्या, त्या आता उन्हाळी संशोधन शिष्यवृत्तीची योजना एकत्र चालवतात. देशभरातले पदवी आणि पदव्युत्तर वर्गांचे विद्यार्थी आणि त्यांचे शिक्षकही तिला अर्ज करू शकतात. निवड झाली की सुटीतले सुमारे दोन महिने एखाद्या फेलोच्या मार्गदर्शनाखाली त्यांच्या प्रयोगशाळेत काम करायला मिळते. अर्ज साधारणपणे आदल्या वर्षाच्या अखेरीस मागवले जातात. महाविद्यालयांच्या सूचनाफलकावर ही माहिती नोव्हेंबरातच लागायला हवी.