करारांच्या आधीची ये-जा

एखाद्या विद्यापीठाचा आंतरराष्ट्रीय प्रवास सांगायचा म्हटलं की सामंजस्य करारांची यादी पुढे येते. अमुक साली अमुक देशाशी सह्या, शाल-श्रीफळ, फोटो. पुण्यात अशी यादी कामाची नाही, कारण खरा प्रवास तिच्या कितीतरी आधी सुरू झाला होता. पुणे विद्यापीठ स्थापन झालं १९४९ साली, गणेशखिंडीतल्या गव्हर्नरच्या जुन्या प्रासादात. बॅ. मुकुंदराव जयकर पहिले कुलगुरू. परदेशाशी देवाणघेवाण मात्र गावात आधीपासून चालू होती आणि नव्या विद्यापीठाला ती वारशाने मिळाली.

महाभारताचंच बघा. निरनिराळ्या पोथ्यांतले पाठ ताडून चिकित्सक आवृत्ती काढावी ही कल्पना संस्कृतचे युरोपीय अभ्यासक मॉरिझ विंटरनिट्झ यांनी १८९७ मध्ये पॅरिसच्या प्राच्यविद्या परिषदेत मांडली. युरोपातल्या अकादमींनी काम हाती घेतलं, पण पहिल्या महायुद्धात ते बारगळलं. १९१९ मध्ये पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने ते अंगावर घेतलं. या कामाला शिस्त लावणारे विष्णु सीताराम सुखटणकर बर्लिनला हाइनरिश ल्युडर्स यांच्याकडे शिकलेले. म्हणजे पाठचिकित्सेची शिस्त जर्मन, पोथ्या देशभरातल्या आणि मांड ठोकून बसलेली माणसं पुण्याची. सभापर्व तर अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या फ्रँकलिन एजर्टन यांनी संपादित केलं. काम पुरं व्हायला १९६६ उजाडलं. आजच्या ‘इंटरनॅशनल कोलॅबोरेशन’वाल्यांनी हा कालावधी अर्जात लिहिला, तर निधी मिळणार नाही! याच संस्थेचे रा. ना. दांडेकर हायडेलबर्गचे डॉक्टरेट. विद्यापीठात संस्कृत प्रगत अध्ययन केंद्र १९६४ मध्ये उभं राहिलं, ते त्यांच्याच काळात.

दुसरा धागा येरवड्याच्या डेक्कन कॉलेजातला. १९५०च्या दशकात सु. मं. कत्रे संचालक असताना रॉकफेलर फाउंडेशनच्या मदतीने तिथे भाषाविज्ञानाचे वर्ग भरले. अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ शिकवायला आले आणि इकडचे तरुण तिकडे गेले. अशोक केळकर कॉर्नेलहून मराठीवरच प्रबंध लिहून परतले. अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीज १९६१ मध्ये स्थापन झाली, तेव्हा तिचं भारतातलं पहिलं ठाणंही डेक्कन कॉलेजातच होतं. पुढे १९६९पासून अमेरिकेच्या मिडवेस्टमधल्या कॉलेजांचे विद्यार्थी पुण्यात येऊन मराठी घरांत राहू लागले. वर्गात व्याकरण, घरी वरणभात. ‘ळ’ कुठे जास्त लवकर जमत असेल ते सांगायला नको.

या ये-जेतून आलेल्यांनी आपल्याला आपलंच काही दाखवलं, हे कबूल करायला हवं. अमेरिकी इतिहासकार एलेनॉर झेलियट यांनी आंबेडकरी चळवळीवर प्रबंध लिहिला तो १९६०च्या दशकात, म्हणजे इथल्या विद्यापीठांत हा विषय अभ्यासक्रमाच्या आसपासही फारसा नसताना. जर्मन अभ्यासक गुंथर सोन्थायमर खंडोबा-बिरोबाच्या मागे धनगरांच्या वाड्यांवर हिंडले. अमेरिकेहून आलेल्या भाषाशास्त्रज्ञ मॅक्सिन बर्नसन तर फलटणला गेल्या आणि तिथल्याच झाल्या.

आणखी एक वाट मात्र वेगळी होती. आफ्रिका, मॉरिशस, आखात, इराण इथली मुलं पुण्यात आली ती पोथ्यांसाठी नव्हे, इंग्रजीतल्या परवडणाऱ्या पदवीसाठी. त्यांच्याकडे गावाचं लक्ष उशिरा गेलं. फर्ग्युसनमधले वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक आणि वसतिगृहाचे रेक्टर शां. ब. मुजुमदार यांची हकिगत प्रसिद्ध आहे. एक मुलगी मुलांच्या खोलीच्या खिडकीशी रोज येते असं त्यांना दिसलं. संशय घेऊन चौकशी केली, तर आत मॉरिशसचा कावीळ झालेला मुलगा होता आणि ती त्याला जेवण पोचवत होती. परक्या गावात आजारी पडलेल्याकडे बघायला कोणी नाही, ही बोच त्यांना लागली. १९७१ मध्ये सिंबायोसिस सुरू झालं ते परदेशी विद्यार्थ्यांचं सांस्कृतिक केंद्र म्हणून. कॉलेजं आणि अभिमत विद्यापीठ नंतरचं. नावही वनस्पतिशास्त्रातलं, सहजीवन या अर्थाचं. व्हिसा, पोलिसांकडची नोंदणी, भाड्याची खोली हे परदेशी मुलांचे रोजचे प्रश्न होते आणि आहेत.

विद्यापीठाचे परकीय भाषांचे वर्ग जिथे भरतात त्या रानडे इन्स्टिट्यूटचा उल्लेख टाळता येणार नाही. ‘रानडेला जर्मन करतोय’ हे वाक्य ज्या घरात कधी म्हटलं गेलं नाही असं मध्यमवर्गी घर पुण्यात शोधावंच लागेल. जर्मन भागीदारीचे कारखाने, मग आयटी आणि जपानी, अशी नोकरीची ओढ त्यामागे होती.

१९८८ मध्ये विद्यापीठाच्या आवारात आयुका ही खगोलशास्त्राची संशोधन संस्था आली. केंब्रिजला फ्रेड हॉइल यांच्याबरोबर काम केलेले जयंत नारळीकर संस्थापक-संचालक. गुरुत्वाकर्षणावरची जीआर-१५ ही जागतिक परिषद डिसेंबर १९९७मध्ये इथेच झाली. आता परदेशी शास्त्रज्ञ पुण्याला येणं यात नवल उरलं नव्हतं.

करारांचं युग त्यानंतरचं. मेलबर्न विद्यापीठाच्या सहकार्याने विज्ञानाची ‘ब्लेंडेड’ पदवी आली. २०१४ मध्ये सावित्रीबाई फुले यांचं नाव मिळालेलं विद्यापीठ २०२१ मध्ये थेट कतारच्या दोह्यात कॅम्पस उघडून बसलं. २०२२ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने परदेशी विद्यापीठांबरोबर संयुक्त आणि दुहेरी पदव्यांचे नियम काढले, तेव्हा काही वर्षं नुसत्या सह्यांवर असलेल्या कागदांना पहिल्यांदा क्रेडिटचा हिशेब आला. गावात शिकायला येणाऱ्या परदेशी मुलाला घर शोधायला अजून स्वतःच फिरावं लागतं.